गाण्यास गाणे जोडावे काय?

ज्या व्यासपीठावरून राज्यघटना, शेतीचे अर्थकारण आणि संतवाङ्मय यांचा ऊहापोह होतो, तेथे लग्नातील 'डीजे'ने दोन गाण्यांच्या मध्ये ताल तुटू द्यावा की न द्यावा, हा प्रश्न घेऊन उभे राहणे काहींना विनोदाचे वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसेल की, संगीताच्या मैफलीस जन्मात कधी न गेलेली असंख्य माणसे लग्नसराईत मात्र तास-दोन तास संगीताच्या सहवासात असतात. ती ते नुसते ऐकत नाहीत, त्यावर पायही टाकतात. सत्तरीच्या आजीबाई आणि सात वर्षांचा नातू एकाच गाण्यावर एकाच वेळी हात वर करतात, असा प्रसंग आपल्या समाजात लग्नावाचून क्वचितच येतो. हे संगीत ज्याच्या हाती सोपवलेले असते, त्याने ते कसे वाजवावे, हा म्हणून लोकजीवनाचा प्रश्न आहे, आणि त्याची शांतपणे चर्चा झाली पाहिजे असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. 'डीजे' हा शब्द आज मराठीत निदान तीन अर्थांनी वापरला जातो. "डीजे आला" म्हणजे वाजवणारा माणूस आला, "डीजे लावला" म्हणजे यंत्रसामग्री मांडली आणि "डीजेने डोके उठवले" म्हणजे गोंगाट असह्य झाला. पश्चिम महाराष्ट्रात या तिसऱ्या अर्थासाठी 'डॉल्बी' हा शब्द रूढ आहे. रे डॉल्बी या संशोधकाने १९६५ साली ज्या कंपनीची स्थापना केली, तिचे पहिले मोठे काम ध्वनिफितीतील खरखर कमी करणे हे होते! खरखर घालवणाऱ्याचे नाव आपण भिंती हादरवणाऱ्या कर्ण्यांना दिले. असो. या लेखात 'डीजे' म्हणजे माणूस, आणि त्यातही आपले सामान टेम्पोत घालून आज या गावी तर उद्या त्या गावी जाणारा, लग्न, साखरपुडा, वाढदिवस, बारसे अशा समारंभांत गाणी वाजवणारा फिरता डीजे, इतकाच अर्थ आम्ही घेत आहोत.

जोडणी म्हणजे काय?

एक गाणे संपत असताना दुसरे अशा रीतीने सुरू करावयाचे की, दोहोंचे ठोके तंतोतंत एकमेकांवर पडावेत आणि नाचणाऱ्याच्या पायाला बदल जाणवूच नये, या कृतीस 'बीटमिक्सिंग' म्हणतात. आपण तिला 'जोडणी' म्हणू. वरवर पाहता ही गोष्ट सोपी वाटते, पण तिच्यात चार निरनिराळी कामे आहेत.

पहिले काम लय जुळवण्याचे. गाण्याची लय मिनिटाला किती ठोके, या मापाने मोजतात. एक गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि दुसरे १२१ ठोक्यांचे असेल, तर हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही असे आपल्याला वाटेल. हिशेब करून पाहू. पहिल्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर ५०० सहस्रांश सेकंद, तर दुसऱ्यात ते सुमारे ४९६ सहस्रांश. म्हणजे दर ठोक्यास चार सहस्रांशांहून थोडी अधिक तफावत पडत जाते. बत्तीस ठोके होईपर्यंत ती सुमारे १३२ सहस्रांशांवर, म्हणजे एका ठोक्याच्या चौथाईवर जाऊन पोचते. हे बत्तीस ठोके अवघ्या सोळा सेकंदांत होतात! तेवढ्यात एका ढोलाच्या जागी दोन ढोल अडखळत वाजू लागल्याचा, घोडा तीन पायांवर धावल्याचा भास होतो आणि नाचणारे चपापून थांबतात.

दुसरे काम सम साधण्याचे. लय जुळली तरी एका गाण्याची सम आणि दुसऱ्याची सम एकाच क्षणी यावयास हवी. तबल्याच्या साथीचा ज्यास थोडाबहुत परिचय आहे, त्यास हे अधिक सांगावयास नको. तिसरे काम स्वरांचे. एक गाणे काळी एकमध्ये आणि दुसरे पांढरी पाचमध्ये असेल, आणि दोन्ही गायकांचे आवाज काही क्षण एकावर एक आले, तर ताल कितीही जुळो, कानाला ते खुपणारच. त्यातून तबकडी नुसती वेगाने फिरवली तर स्वरही चढतो. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवला की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. आजची यंत्रे वेग बदलूनही स्वर जागच्या जागी ठेवू शकतात, परंतु ओढाताण फार झाली की गायकाचा आवाज कृत्रिम होतो. चौथे काम तोल राखण्याचे. दोन गाण्यांचे खर्जाचे ठोके एकदम पूर्ण जोराने वाजले तर नुसता दणदणाट होतो. म्हणून जाणता डीजे येणाऱ्या गाण्याचा खर्ज आधी दाबून ठेवतो आणि योग्य समेवर पहिल्याचा उतरवून दुसऱ्याचा चढवतो.

ही चारही कामे जो कानाने आणि हाताने करतो, त्याच्या अंगी कसब आहे, हे मान्यच केले पाहिजे. या कसबाला नाक मुरडणाऱ्यांशी आमचे जमत नाही. प्रश्न इतकाच की, हे कसब लग्नात कोठे चालवावे आणि कोठे आवरावे.

हा प्रकार आला कोठून?

कोणत्याही साधनाचा विवेक करावयाचा तर ते कोणत्या गरजेतून जन्मले, हे आधी पाहावे. ही जोडणी लग्नमंडपात जन्मलेली नाही. तिचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या नृत्यगृहांत झाला. १९७० च्या सुमारास 'सँक्च्युअरी' या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो हा तरुण दोन तबकड्यांचे ठोके जुळवून गाणी सलग वाजवू लागला आणि पुढच्या अनेकांनी त्याचा कित्ता गिरवला. हे नृत्यगृह पूर्वी चर्च होते. १९७२ साली जपानमध्ये 'टेक्निक्स एसएल-१२००' हे तबकडीयंत्र निघाले. त्यात मोटरीचा फिरता भाग थेट तबकडीच्या आसाशी जोडलेला असल्यामुळे हाताने थोपवलेली तबकडी सोडताक्षणी पुन्हा वेग घेई. १९७९ च्या सुधारलेल्या यंत्रात वेग आठ टक्क्यांपर्यंत खालीवर करण्यासाठी सरकती पट्टी आली. दरम्यान १९७५ साली ग्लोरिया गेनर या गायिकेच्या एका तबकडीची एक संपूर्ण बाजू टॉम मोल्टन याने तीन गाणी खंड न पाडता जोडून तयार केली होती. म्हणजे जे नृत्यगृहात हाताने होत होते, ते आता तबकडीवरच उमटून आले.

या नृत्यगृहांची प्रकृती ध्यानात घ्यावी. तेथे येणारा मनुष्य नाचण्यासाठीच येतो. तो बहुधा तरुण असतो, त्याच्या आवडीचे संगीत एकाच घराण्याचे असते, आणि त्या संगीताची रचनाही जोडणीला सोयीची असते. आरंभी व शेवटी नुसते ठोके, मध्ये गाणे. शिवणकामात कापड जोडण्यासाठी कडेला माया ठेवतात, तशी ती माया असते. अशा ठिकाणी रात्रभर एकच धागा न तुटता विणत नेणे, हीच कला होय.

परंतु गंमत अशी की, त्याच शहरात, त्याच १९७० साली, डेव्हिड मँक्युसो या गृहस्थाने आपल्या राहत्या जागेत नृत्याच्या मेजवान्या सुरू केल्या. ती जागा 'द लॉफ्ट' या नावाने प्रसिद्ध झाली. नृत्यसंगीताच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. या मँक्युसोने पुढे जोडणी साफ सोडून दिली. तो प्रत्येक तबकडी पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत वाजवी, मग शांतता, मग पुढची तबकडी. गाणे ज्याने रचले त्याने ते जसे रचले तसेच ऐकवावे, अशी त्याची निष्ठा होती, आणि तरीही त्याच्याकडे लोक पहाटेपर्यंत नाचत. तेव्हा ज्यांना वाटते की ठोका तुटला की नाच मोडलाच, त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. जोडणीच्या जन्मभूमीतच तिच्यावाचून नाचण्याची परंपराही उभी राहिली होती.

जोडणीची बाजू

आता जोडणीचा पुरस्कार करणारे फिरते डीजे काय म्हणतात, ते न्यायाने मांडले पाहिजे. त्यांचा पहिला मुद्दा असा की, समारंभात माणसे नाचावयास कशीबशी उठतात. मराठी मध्यमवर्गीय पाहुणा तर विशेष संकोची. गाणे संपून चार सेकंद शांतता पसरली की त्याला एकदम आपले भान येते, घाम पुसण्याचे निमित्त करून तो खुर्चीकडे वळतो, आणि एकदा बसलेला माणूस पुन्हा उठवणे महाकठीण. हा मुद्दा खरा आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. चार मिनिटांचे एक याप्रमाणे तासाला पंधरा गाणी होतात. दीड मिनिटात पुढच्या गाण्यावर गेले तर तासाला चाळीस गाणी बसतात. लग्नात दोन्हीकडच्या पाहुण्यांची फर्माईश पुरी करावयाची, मित्रांचा आग्रह राखावयाचा, आणि दहाच्या आत सगळे आटोपावयाचे, तर गाणी आखूड करून जोडण्यावाचून गत्यंतर नाही, असे ते म्हणतात. यातही तथ्य आहे.

तिसरा मुद्दा पोटाचा आहे, आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये हजारो गाणी आहेत. यजमान म्हणतो, "गाणीच लावायची तर माझा पुतण्या लावील, तुम्हांला पैसे कशाचे द्यायचे?" अशा वेळी जोडणी हाच आपल्या विद्येचा पुरावा, असे डीजेला वाटल्यास नवल नाही. परंतु हा पुरावा आता लंगडा झाला आहे. संगणकावरील आजच्या साधनांत एक कळ दाबली की यंत्रच दोन्ही गाण्यांची लय मोजते आणि जुळवून देते. जे काम शिकावयास पूर्वी वर्षे लागत, त्याचा निदान लय जुळवण्याचा भाग पुतण्याही करू शकतो. मग डीजेची खरी विद्या कोणती? आमच्या मते, कोणते गाणे, कोणासाठी, केव्हा, हे ओळखणे. ती कळ अद्याप कोणत्याही यंत्राला बसवलेली नाही.

आपल्या गाण्यांची चाल

आता आपल्या मुलखातील अडचणीकडे वळू. ही जोडणी ज्या संगीतासाठी घडली, ते बहुतेक सगळे चार-चार ठोक्यांच्या एकाच चालीचे आहे. आपल्या लग्नांत तसे नसते. आपली पुष्कळ नाचाची गाणी केरव्याच्या आठ मात्रांच्या अंगाने जातात हे खरे, पण कोळीगीतांचा डोलणारा ठेका सहाच्या अंगाचा असतो. गुजराती शेजाऱ्यांकडून आपण उचललेल्या गरब्याचा 'हींच' सहा मात्रांचा आहे. गोव्याचे दुलपद सहाच्या चालीतच उडते. सहाची चाल आणि आठची चाल यांचे मुख्य ठोके यंत्राने एकावर एक आणून ठेवता येतील, पण ठोक्याच्या पोटात एकीकडे तीन भाग असतात आणि दुसरीकडे दोन वा चार. निष्णात तबलजी हा खेळ लयकारी म्हणून करून दाखवील आणि आपण वाहवा म्हणू. नाचणाऱ्या काकूंना मात्र तो ठेचेसारखा लागतो. होडीच्या डोलावर पाय टाकणाऱ्याला एकदम कवायतीच्या चालीवर नेता येत नाही. मध्ये एक क्षण त्याला उभे राहू द्यावेच लागते.

दुसरी अडचण जुन्या गाण्यांची. चित्रपटातील जुनी गाणी मोठ्या वाद्यवृंदाने एकत्र बसून हाताने वाजवलेली आहेत. माणसाचा हात यंत्रासारखा चालत नाही. अंतरा रंगला की लय किंचित सरते, मुखड्यावर परतताना किंचित स्थिरावते. त्या गाण्यांच्या जिवंतपणाचे एक कारण हेच आहे. अशा गाण्याला यंत्राच्या ठोक्याशी जखडावयाचे तर एक तर ते सतत ओढत-ढकलत राहावे लागते, किंवा त्याच्यावर नवा ढोल चिकटवून त्याचे मूळ रूप झाकावे लागते. यंत्राची मोजणीही अशा गाण्यांत फसते. कित्येकदा ते लय दुप्पट किंवा निम्मी मोजते.

तिसरी अडचण रचनेची. आपल्या गाण्यांना वर सांगितलेली माया नसते. वाद्यांचा लहानसा प्रास्ताविक तुकडा येतो, की लगेच मुखडा. त्यातच बहुतेक माणसे गाणे ओळखतात ती त्या प्रास्ताविक तुकड्यावरून! पहिल्या तीन स्वरांत "अगं बाई, हे!" असा जो उद्गार निघतो आणि खुर्च्या सरकतात, तो क्षण म्हणजे समारंभाच्या संगीताचे मर्म होय. जोडणीच्या हट्टापायी तो तुकडा मागच्या गाण्याच्या गोंगाटाखाली गाडला जातो आणि लोकांना गाणे समजते तोवर निम्मा मुखडा होऊन गेलेला असतो.

आणि चौथी गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जो केवळ जोडता येतील अशीच गाणी निवडतो, तो नकळत लयीचा कैदी होतो. १२५ ठोक्यांच्या गाण्याला १२८ चे जुळते, त्याला १३० चे. ७० ठोक्यांचे, डोळे मिटून गुणगुणण्याजोगे गाणे त्या साखळीत बसत नाही, म्हणून ते वगळले जाते. ७० ची दुगुन १४० होते आणि ६४ ची १२८, हे ज्यास सुचते तो वाट काढतो, पण असे सुचणारे थोडे. परिणाम असा होतो की, आत्याबाईंचे गाणे वाईट म्हणून गळत नाही, ते मापात बसत नाही म्हणून गळते. लग्नात कोणाचे गाणे वाजले आणि कोणाचे नाही, यावरून त्या घरात कोणाला स्थान आहे, हे माणसे मनाशी ताडत असतात. मापाच्या सोयीसाठी माणूस वगळणे, हे आम्हांस पटत नाही.

आपल्याकडे जोडणी नव्हती काय?

यावर कोणी म्हणेल, गाणी जोडणे हेच परके आहे, ते टाकून द्या. हेही खरे नव्हे. आपल्या भजनात अभंग शेवटाकडे येतो तशी लय चढते, टाळ-मृदंगाचा गजर होतो आणि त्या गजराच्या ओघातून पुढचा अभंग निघतो. वरातीपुढे चालणारा बँड एका गाण्याच्या शेपटाला दुसऱ्याचे तोंड लावतो आणि मधली फट ताशेवाला भरून काढतो. गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत वाद्यवृंद उत्तररात्री 'मसाला' वाजवतो, म्हणजे कोंकणी आणि इतर उडत्या गाण्यांची एकापुढे एक गुंफलेली माळ, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे आवारात उतरतात.

मात्र या सर्व परंपरांत एक शहाणपण आहे. भजनी मंडळ गजरानंतर थांबते, श्वास घेते, मग पुढचा अभंग संथपणे उचलते. चढण आहे तसा उतारही आहे. गोव्याच्या लग्नात मसाल्याच्या आधी नवदांपत्याचा संथ नाच होऊन गेलेला असतो, आणि तीन ठोक्यांचा वॉल्ट्झ कोणी पुढच्या जलद नाचाला जोडावयास जात नाही. एक नाच संपतो, लोक टाळ्या देतात, जोड्या बदलतात, मग दुसरा सुरू होतो. त्या टाळ्यांची जागा हीदेखील समारंभाचाच भाग आहे. जोडणीला आपल्या परंपरेत स्थान आहे, पण ते जेवणातील फोडणीचे स्थान आहे. फोडणीवाचून आमटी नाही, आणि नुसती फोडणी कोणी वाटीत घेऊन पीत नाही.

लग्नाचे काम निराळे

फिरत्या डीजेच्या कामाची यादी केली तर जोडणी तीत बरीच खाली येते. वधूवरांच्या आगमनास ठरलेले गाणे ठरल्या क्षणी लावणे, उखाण्यांच्या वेळी ध्वनिक्षेपक चालू असल्याची खात्री करणे, वडीलधाऱ्यांचे दोन शब्द ऐकू येतील असे पाहणे, जेवणाच्या पंगतीत शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या हळू सूर ठेवणे, पाच मुलींचा बसवलेला नाच त्यांनी सराव केलेल्या त्याच ध्वनिमुद्रणावर वाजवणे, आणि हे सर्व करीत असताना मान वर करून लोकांकडे पाहणे. ज्याचा एक कान सतत कर्णयंत्रात आणि दोन्ही डोळे पडद्यावरील ठोक्यांच्या रेघांत गुंतलेले, त्याला कोपऱ्यात उठू की नको अशा विचारात उभी असलेली मावशी कशी दिसणार?

विधींच्या बाबतीत तर डीजेने हात आखडताच घेतला पाहिजे. ठाणे, रायगड, पालघर भागांतील आगरी-कोळी लग्नांत धवलारीण विधींची गाणी म्हणते. हळदीच्या रात्री पुढे कितीही नाच होवो, तिचे गाणे चालू असताना यंत्र पूर्ण बंद असावे. नुसते हळू करून भागत नाही. जिवंत कंठातून निघणारे गाणे आणि कर्ण्यातून निघणारे गाणे यांची स्पर्धा लावली तर कंठ हरणार हे ठरलेलेच आहे, आणि एकदा हरलेला कंठ पुढच्या लग्नात गावयास येत नाही.

आणखी एक गोष्ट आवाजाची. अखंड जोडणीत शांतता कोठेच येत नाही, त्यामुळे कानाला विसावा मिळत नाही, आणि बधिर झालेल्या कानाला तोच आवाज कमी वाटू लागतो, म्हणून तो वाढवला जातो. गाण्यांच्या मधली शांतता आपल्याला आपण किती जोरात वाजवीत होतो याची आठवण करून देते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि बंदिस्त सभागृहाखेरीज इतरत्र रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. वरात ज्या रस्त्याने जाते तेथेही घरे असतात, घरांत आजारी माणसे आणि अभ्यासाला बसलेली मुले असतात. ताल न तुटू देण्याची प्रतिज्ञा करणाऱ्याने दहाच्या ठोक्याला मात्र तो अवश्य तोडावा!

मग करावे काय?

या सर्व विचारातून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

समारंभाचे भाग पाडावेत. पाहुण्यांचे आगमन, भोजन, प्रवेश, मनोगते, नवदांपत्याचा नाच, मुलांचे बसवलेले नाच या भागांत जोडणी मुळीच करू नये. तेथे गाणे पूर्ण वाजावे, किंवा समेवर येऊन सभ्यपणे थांबावे.

सर्वांनी मिळून नाचावयाच्या भागात जोडणी अवश्य करावी, परंतु तीन-चार गाण्यांच्या गुच्छांत. एका गुच्छातील गाणी एका चालीची आणि जवळपासच्या लयीची असावीत. केरव्याच्या गाण्यांचा एक गुच्छ, कोळीगीतांचा वेगळा, गरब्याचा वेगळा. दोन गुच्छांच्या मध्ये गाणे समेवर तोडावे, चार शब्दांचे निवेदन करावे, हवे तर नुसत्या ढोलाचा एक तुकडा वाजवावा, आणि पुढील गाण्याचा प्रास्ताविक तुकडा स्वच्छ ऐकू द्यावा. बसावयाचे असेल त्याला या फटीत बसता येते, आणि उठावयाचे असेल त्याला उठता येते. चालू वाहनातून उतरणे जसे कठीण तसे त्यात चढणेही कठीण. थांबा हा दोघांच्याही सोयीचा असतो.

गाणे आखूड करावयाचे झाल्यास मुखडा आणि निदान एक अंतरा होऊ द्यावा. ज्या गाण्याचे शब्द लोक तोंडाने म्हणत आहेत ते कधीही मध्ये कापू नये. लोक गात आहेत, याहून मोठे यश डीजेला मिळवावयाचे नाही. फर्माईशीचे गाणे लयीत बसत नाही म्हणून नाकारू नये. त्यासाठी खुशाल ताल तोडावा. आणि शेवटचे गाणे पूर्ण वाजवून यंत्र बंद करावे, म्हणजे लोक निरोप घेताना एकमेकांशी बोलतील.

यजमानांनाही आमचे एक सांगणे आहे. डीजे ठरवताना "तुम्हांला मिक्सिंग येते काय?" हा प्रश्न विचारला जातो. तो विचारण्यास हरकत नाही, पण त्याआधी विचारावे, "आमच्याकडे कोण-कोण येणार आहे, हे तुम्ही आमच्याकडून समजून घेणार काय?" जो वही काढून लिहावयास बसतो, दोन्ही घरांची गावे विचारतो, आजीच्या आवडीचे गाणे विचारतो, दाराशी झोपलेले शेजारी कोण आहेत हे विचारतो, त्याला पैसे देताना घासाघीस करू नये. तो पुतण्याहून निराळा आहे, आणि त्याच्या निराळेपणाचे मोल आहे.

गाण्यास गाणे जोडावे काय, या प्रश्नाला म्हणून आमचे उत्तर असे : जेथे माणसे आधीच एकमेकांशी जोडली जाऊन नाचत आहेत, तेथे गाणेही जोडावे. जेथे कोणी बाहेर राहिले आहे, तेथे गाणे थांबवून त्याला आत घ्यावे. तालाची अखंडता ही सेवा आहे, आणि सेवा कोणाची करावयाची, हे मंडपाकडे पाहून ठरवावयाचे असते. महाराष्ट्रात दर लग्नसराईत हजारो तरुण या धंद्यावर आपले घर चालवतात. त्यांनी यंत्राइतकाच माणसांचा अभ्यास केला, तर हा धंदा गोंगाटाच्या बदनामीतून बाहेर येईल आणि सनईवाल्याला, बँडमास्तराला जो मान मंडपात मिळत आला, तो त्यांनाही मिळेल.